कोपऱ्यावरची पिवळी खुर्ची

१

शेवटचा साधा दिवस रविवार होता.

"डॅड, हातमोजे घाला."

"हातमोजे घालून खुर्ची नीट धरता येत नाही," एमिल व्हार्गो म्हणाले. "तू ती पिवळी घे. हलकी आहे. आणि फरपटू नकोस, उचलून ठेव."

मार्केट स्ट्रीट आणि थर्ड स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, फूटपाथ सोडून चांगलं पुढे, भर रस्त्यात, बापलेक स्वयंपाकघरातल्या खुर्च्या मांडत होते. सहा खुर्च्या, सहा घरांतल्या. एकीची पाठ मोडलेली, एक घडीची, एक कुणाच्या तरी आजीची, कोरीव पायांची. पिवळी खुर्ची व्हार्गोंची. डारियाची आई रोझालिया तिच्यावर बसून बटाटे सोलायची.

परक्या माणसाला हे वेड वाटलं असतं. मिलर्स बेंडमध्ये कुणाला वाटलं नाही. नदीकाठच्या त्या पोलादाच्या गावात हिवाळ्यात जो स्वतःच्या हातांनी बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी करतो, तो तिथे घरातली एक खुर्ची ठेवतो आणि निर्धास्त कामाला जातो. संध्याकाळी जागा त्याची त्यालाच मिळते. गावात चोऱ्या होत, भांडणं होत, एकदा तर चर्चची घंटाही पळवली गेली होती. पण दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावणारा अजून जन्माला यायचा होता.

एमिलनी नेमकं हेच हेरलं होतं. गावाचे रस्ते उभ्या आयुष्यात त्यांनीच आखले. कारखान्याचे ट्रक न थांबता वळावेत म्हणून हा कोपरा गोल आणि ऐसपैस केला तोही त्यांनीच. पुढे कारखाना बंद पडला, ट्रक गेले, कोपरा तेवढा राहिला, आणि मोटारी तिथून भन्नाट वळत राहिल्या. निवृत्त झाल्यावर म्हातारबुवांनी एकच ध्यास घेतला. फूटपाथ पुढे आणायचा, म्हणजे रस्ता ओलांडायला चार पावलं कमी चालावी लागतील; उरलेल्या रुंदीत बसला तिची वाट द्यायची, सायकलींना त्यांची. राज्याकडून आलेला साहेब म्हणाला, "कागदावर सगळंच वळतं. आधी करून दाखवा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकाही गाडीचा धक्का लागला नाही, तर काम मंजूर. लागला, तर कोपरा आहे तसाच राहील." करून दाखवायला खांब हवे होते, ते नव्हते. एमिल म्हणाले, "खांब कशाला? खुर्च्या आहेत की."

"हे बघ." त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. आदल्या दिवशी भुरभुरलेला बर्फ चाकांखाली काळा झाला होता, पण कोपऱ्याशी मोठा तुकडा पांढरा शुभ्र उरला होता. "गाड्यांना खरोखर जेवढा रस्ता लागतो, तेवढाच त्या मळवतात. उरलेला पांढरा राहतो. तो पायी चालणाऱ्यांचा. माझ्या नकाशांपेक्षा बर्फ खरं बोलतो. मला हे जरा उशिराच कळलं."

मग ते पिवळ्या खुर्चीवर टेकले. धाप लागली होती. डारिया त्यांच्या मागे उभी राहिली. याच कोपऱ्यावर, ती एकोणीस वर्षांची असताना, रस्ता ओलांडणाऱ्या तिच्या आईला एका पिकअप ट्रकने उडवलं होतं. त्याबद्दल बापलेक आजतागायत एक अक्षर बोलले नव्हते. ती दर रविवारी यायची, सूप प्यायची, पुस्तकांबद्दल बोलायची. शहरातल्या ग्रंथालयात ती काम करायची, पुस्तकं पुष्कळ होती.

"डारिया," ते पाठमोरेच म्हणाले, "तुला या जागी यायला..."

"थंडी आहे, डॅड. चला आत. सूप निवेल."

ते उठले. "हो, चल," म्हणाले.

मंगळवारी सकाळी शेजारणीने दार ठोठावलं ते कुणी उघडलं नाही. एमिल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले होते. समोरची कॉफी थंड झाली होती.

२

गुरुवारी दफन झालं. चर्चच्या तळघरात बायकांनी कोबीचे रोल आणि करंजीसारखे, बटाटा भरलेले पिरोही मांडले होते. लोक येऊन हात धरत होते, "छान माणूस" म्हणत होते, ताटल्या भरत होते. एक माणूस मात्र जिन्याशीच उभा राहिला, टोपी हातात धरून. लॉइड किश. गावाचा बर्फ सारणारा ट्रक चालवायचा. डारियाच्या आईला उडवणारा तो पिकअप, बावीस वर्षांचा असताना, त्यानेच चालवला होता. वेग नियमातला होता, कोर्टाने सोडून दिलं. डारियाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तो निघून गेला.

रात्री बर्फ पडला. शुक्रवारी सकाळी दार वाजलं. जोन मॅकिलव्हेन उभी होती, गावच्या कौन्सिलची अध्यक्षा, नाईट ड्रेसवरच कोट चढवलेला.

"डारिया, अंगावर काहीतरी घे आणि चल. तुमची खुर्ची गेली."

"कुठली खुर्ची?"

"पिवळी. कोपऱ्यावरची. पाच राहिल्यात."

कोपरा घरापासून हाकेच्या अंतरावर होता. तिथे आधीच पाचसात माणसं जमली होती. जोनने कुणाला पुढे येऊ दिलं नव्हतं. बर्फाचा ट्रक पहाटेच येऊन गेला होता. त्याने सारलेल्या बर्फाचा बांध गुडघाभर उंच, खुर्च्यांना वळसा घालत कमानीसारखा कोपऱ्याभोवती गेला होता. बांधाच्या आत पाच खुर्च्या, प्रत्येकीच्या बैठकीवर बर्फाची उशी. मध्ये, जिथे पिवळी असायची, तिथे काही नाही.

"बसने उडवली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "मी पहिल्यापासून सांगत होतो."

सांगणारा डॉमिनिक पेत्राल्या होता. कोपऱ्यावरचं गालिच्यांचं दुकान त्याचं. दुकानासमोरची गाड्या लावायची जागा या बदलात जाणार म्हणून तो वर्षभर एमिलशी भांडत होता.

"उडवली तर आहे कुठे?" जोनने विचारलं.

"लपवली! लपवणार नाही तर काय, मिरवणार?"

जोन डारियाला बाजूला घेऊन गेली. "हे बघ, मी एमिलच्या बाजूची आहे, पण साहेब संध्याकाळी येतोय. गाडीचा धक्का लागला असेल तर सगळं संपलं, त्याने तसं लिहूनच दिलंय. आणि धक्का नाही लागला, असं आपण कशावरून म्हणायचं? खुर्ची तर जागेवर नाही."

"कुणीतरी हाताने नेली असेल."

"हाताने?" जोनने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ती कुण्या भलत्याच गावची आहे. "मिलर्स बेंडमध्ये? दुसऱ्याची खुर्ची?"

डारियाने कोपऱ्याकडे पाहिलं. वडिलांचं आयुष्यातलं शेवटचं काम एका खुर्चीवर येऊन टेकलं होतं, आणि ती खुर्चीच नव्हती.

"संध्याकाळपर्यंत मी शोधते," ती म्हणाली. "तोवर इथे कुणी पाऊल टाकू नका."

३

डॉमिनिकच्या दुकानात नव्या लोकरीचा वास होता. तो गुंडाळलेल्या गालिच्यावर बसून सँडविच खात होता.

"आलीस? ये. माझ्यावर संशय आहे ना? घे संशय. तुझा बाप माझं डोकं खायचा, आता तू खा."

"तुम्ही पिवळी खुर्ची शेवटची कधी पाहिलीत?"

"काल दुकान बंद करताना. होती. बर्फ पडायला लागला होता. सकाळी येऊन फूटपाथ साफ केला, तेव्हा नव्हती."

"फूटपाथवरून खुर्चीपाशी कुणी गेल्याचं दिसलं? पावलं?"

"पावलं कुठली! फूटपाथच्या काठापासून खुर्च्यांपर्यंत बर्फ दुलईसारखा पसरलेला. मीसुद्धा पाय ठेवला नाही. जाऊन बघ." त्याने तोंड पुसलं. "आणि ऐक. मला तो कोपरा नको आहे, हे मी तुझ्या बापाला तोंडावर सांगितलंय. माझी गिऱ्हाइकं काय सायकलवर गालिचे नेणार? पण त्या कोरीव पायांच्या खुर्चीकडे बघितलंस? ती कुणाची आहे?"

"कुणाची?"

"माझ्या आजीची. नेपल्सहून आणलेली." डॉमिनिकने खिडकीबाहेर पाहिलं. "एमिल आला, म्हणाला, डॉमिनिक, भांडण आपलं आपल्यापाशी, पण सहावी खुर्ची कमी पडतेय. आता अशा माणसाला काय म्हणायचं? दिली. स्वतःच्या आजीची खुर्ची रस्त्यात ठेवून शेजारची खुर्ची चोरणारा माणूस मी वाटतो तुला?"

 तो तसा वाटत नव्हता.

"बसकडे जा," तो म्हणाला. "लोरेन टिब्सच्या बसकडे. सकाळी ती वळली तेव्हा मी दारात होतो. पुढच्या बंपरवर ओरखडा आहे, चांगला वीतभर." त्याने आवाज खाली आणला. "आणि तो पिवळा आहे."

४

ओरखडा खरंच होता. आणि खरंच पिवळा होता.

बस शेवटच्या थांब्यावर उभी होती. लोरेन टिब्स चाकांशी अडकलेला बर्फ काठीने पाडत होती. अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. एमिल गेली कित्येक वर्षं तिच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून गावभर फिरायचे, कुठेही न उतरता.

"बघ, बघ. फोटो काढ," लोरेन म्हणाली. "सकाळपासून तू तिसरी. लोक काय, मेल्यावरही तुझ्या बापाला वळणावर गाठतात."

डारिया बंपरपाशी वाकली. पिवळा रंग जाड, चकचकीत होता. ती उभी राहिली आणि स्वतःच्याच हातांनी हवेत वळण घेऊन पाहिलं, तसं तिचे वडील घ्यायचे.

"लोरेन, तुम्ही थर्डवर उजवीकडे वळता ना?"

"जन्मभर."

"खुर्च्या उजव्या हाताला येतात. ओरखडा डाव्या टोकाला आहे."

लोरेन काठी टेकून हसली. "आता कशी एमिलची पोर शोभलीस! डेपोच्या फाटकाचा खांब आहे तो, पिवळा. मागच्या महिन्यात मीच घासली. डेपोच्या साहेबांना सांगितलंय, शिव्याही खाल्ल्यात. डॉमिनिकला सांग, गालिचा विक म्हणावं."

"काल रात्री शेवटच्या फेरीला खुर्ची होती?"

"होती. बर्फ बऱ्यापैकी साचला होता. मी दिवा मिचकावला तिला. एमिलला मिचकावायची तसा." लोरेन थोडी थांबली. "आणि सकाळी पहिल्या फेरीला नव्हती. पण गंमत सांगू? वळताना मला काही कळलंच नाही. रोज वळते तशीच वळले. पुढे गेल्यावर आरशात बघितलं तेव्हा दिसलं, पाचच आहेत."

"कुणी नेली असेल, लोरेन?"

"पोरी, एक विचारू? रागावू नकोस. माणूस गेला की त्याची खुर्ची आत घ्यायची असते. शेजारी घेतात. घरच्यांना सांगून घेतात, धुऊनपुसून दारात आणून ठेवतात. मंगळवारपासून मी रोज बघत होते, ती खुर्ची बाहेरच. म्हटलं, रस्त्याच्या कामासाठी मुद्दाम ठेवली असेल."

डारिया ओशाळली. ही रीत तिला ठाऊक होती. लहानपणी तिने स्वतः शेजारच्या आजोबांची खुर्ची आईबरोबर आत नेली होती. ती विसरली होती. दफनाची सगळी व्यवस्था केली, निधनाची बातमी लिहून दिली, आणि खुर्ची विसरली.

"मग कुणी घेतली असेल तर सांगितलं का नाही?"

"ज्याला तुमच्या दारात यायचं धाडस नसेल," लोरेन बसमध्ये चढत म्हणाली, "तो कसा सांगेल?"

५

दुपारी ती पुन्हा कोपऱ्यावर आली. आभाळ मळकट होतं, पण बर्फ रात्रीनंतर पडला नव्हता. तिने वाकून पाहिलं, मग सरळ गुडघ्यांवर बसली.

पिवळ्या खुर्चीच्या जागी बर्फाचा थर पातळ होता. साहजिकच; बैठकीखाली बर्फ कमी साचतो. त्या पातळ चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार भोकं होती, खुर्चीच्या पायांची. स्वच्छ, गोल, काठ न मोडलेली. ती ती भोकं बराच वेळ पाहत राहिली.

गाडीने उडवली असती तर खुर्ची कलंडली असती, पाय फरपटले असते, बर्फ उकरला गेला असता. ही खुर्ची सरळ वर उचलली गेली होती. कुणीतरी जपून उचलली होती. फरपटू नकोस, उचलून ठेव.

म्हणजे बस नाही. मोटार नाही. माणूस.

पण कुठून आला? फूटपाथच्या बाजूचा बर्फ अजून दुलईसारखाच होता. डॉमिनिकने खोटं सांगितलं नव्हतं. रस्त्याच्या बाजूने आला असेल, तर मध्ये हा गुडघाभर बांध. ती बांधाच्या कडेकडेने वाकून चालत गेली. कुठे पाय रुतलेला नाही, कड ढासळलेली नाही. बांध ओलांडून कुणी आत गेलेलंच नव्हतं.

तर मग बांध व्हायच्या आधी. बर्फ थांबल्यावर, ट्रक यायच्या आधी.

डारिया उठली, गुडघे झटकले, आणि तेव्हा तिला ती दिसली. सकाळपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बांधाची कमान. ती पहिल्या खुर्चीपासून निघून शेवटच्या खुर्चीपर्यंत अखंड, एकसारखी गेली होती. मधल्या रिकाम्या जागेशी ती आत वाकली नव्हती. उलट तिथेच ती सर्वांत जास्त बाहेर होती, कारण पिवळी खुर्ची सर्वांत पुढे असायची.

ट्रक आला तेव्हा खुर्ची नव्हती. तरी ट्रकने तिला वळसा घातला होता.

म्हणून तर लोरेनला काही कळलं नाही. म्हणून तर सकाळी बांधाचा आकार कुणालाच खटकला नाही. खुर्ची गेली होती, कोपरा तसाच होता. आणि रिकाम्या जागेला वळसा कोण घालेल? तिथे खुर्ची होती हे ज्याला माहीत आहे तो. रस्त्याच्या बाजूने चालत आलेल्या माणसाची पावलं कुठे गेली? ज्याच्या ट्रकचं बर्फ ढकलणारं पातं नंतर त्यांच्यावरून फिरलं, त्याच्याच बांधाखाली.

तिला उत्तर मिळालं होतं. ते तिला नको होतं.

६

गावाच्या ट्रकांची शेड नदीकडे होती. दार अर्धं उघडं होतं, आतून हीटरची घरघर येत होती. हीटरच्या शेजारी, खाली जुना टॉवेल अंथरून, पिवळी खुर्ची ठेवली होती. पुसलेली, कोरडी.

लॉइड किश ट्रकच्या पायरीवर बसला होता. तिला पाहून उभा राहिला. टोपी काढली.

"तू येशील असं वाटलं होतं," तो म्हणाला. "एमिलची मुलगी आहेस."

"मग तुम्हीच का नाही आलात?"

"कुठे येऊ? व्हार्गोंच्या दारात उभं राहून लॉइड किश सांगणार, की तुमची खुर्ची माझ्यापाशी आहे?"

 या माणसाचा आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

"तीन दिवस वाट बघितली," तो म्हणाला. "कुणीतरी आत घेईल म्हणून. आज पहाटे आलो तर दिवे थेट तिच्यावर पडले. बैठकीवर एवढा बर्फ. तुझी आई..." तो थांबला. "त्या दिवशीही असाच बर्फ होता. म्हटलं, आता दोघंही गेली, आणि खुर्ची बाहेर थंडीत. उतरलो, उचलली, आत ठेवली. प्रयोगाचं भान नंतर आलं. तोवर गाव जमलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर लोक काय म्हणाले असते? किशने बाईला मारलं, आता तिची खुर्चीही उचलली."

"पण मग तुम्ही वळसा का घातलात? जागा तर रिकामी होती."

लॉइडने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाही जमलं," तो म्हणाला. "त्या जागेवरून मी एकदा गेलोय."

हीटर बंद पडला, थोड्या वेळाने आपला आपण सुरू झाला.

"बैस ना," तो म्हणाला. ती बसली नाही, पण गेलीही नाही.

"खटल्यातून सुटल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तुझा बाप इथे आला. हातात कॉफीचा थर्मास. मला वाटलं, मारायला आला. मी म्हटलं, मारा. तर म्हणाला, गाडी तुझी होती, रस्ता माझा. तू नियमाने चालवलीस, मी नियमाने आखला, आणि रोझालिया गेली. म्हणजे नियमातच काहीतरी चुकलंय. चल, बघू." लॉइडने ट्रककडे मान वळवली. "तेव्हापासून दर पहिल्या बर्फाला तो इथे, माझ्या शेजारी. पातं कुठवर जातं, कुठे जायची गरजच नाही, सगळं बघायचा. तो कोपरा त्याने या काचेतून आखलाय."

डारियाला पहिला बर्फ आठवला, दर वर्षीचा. ती फोन करायची तेव्हा डॅड घरी नसायचे. "जरा फिरायला गेलो होतो," म्हणायचे.

"माझ्याबद्दल काही बोलायचे?" तिने विचारलं आणि विचारल्यावर तिला वाटलं, विचारायला नको होतं.

लॉइड घुटमळला.

"म्हणायचा, डारिया काही बोलत नाही. मी म्हणायचो, मग तुम्ही विचारा. तर म्हणायचा, नको. न बोलणं हा तिचा हक्क आहे."

७

कौन्सिलच्या खोलीत ओल्या कोटांचा वास होता. राज्याकडून आलेला साहेब तरुण होता, चष्म्यावर वाफ धरलेली. डॉमिनिक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. लोरेन कामाची पाळी संपवून गणवेशातच आली होती.

डारियाने सगळं सांगितलं, जसं दिसलं त्या क्रमाने. चार भोकं, न तुटलेला बांध, बंपरच्या चुकीच्या टोकाचा ओरखडा. ज्याने खुर्ची उचलली त्याचं नाव मात्र तिने घेतलं नाही. खोलीत कुजबुज झाली. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी उचलली," लॉइड किश म्हणाला. "आत घेतली. एमिल गेला म्हणून."

 या खोलीत असं एकही घर नव्हतं, ज्याची खुर्ची कधी ना कधी कुणी आत घेतली नव्हती.

"मला सहानुभूती आहे," साहेब चष्मा पुसत म्हणाला, "पण मधली खुर्ची काढली म्हणजे प्रयोग मोडला. पहाटेपासून कोपरा मोकळाच होता म्हणायचा."

"मोकळा कुठे होता?" डारिया म्हणाली. "इथल्या रस्त्यावर सर्वांत रुंद गाडी कुठली?"

"बस, बहुधा. किंवा..." तो थांबला. "पातं लावलेला बर्फाचा ट्रक."

"तो ट्रक तुमच्या सहाही खुर्च्यांच्या बाहेरून वळला, त्यातली एक तिथे नसताना. बर्फ रस्त्यावर तसाच पडलाय, जाऊन बघा. त्यानंतर बस दिवसभर त्या बांधाच्या बाहेरूनच वळतेय. मोटारीही. मध्ये खुर्ची नाही, खांब नाही, काही नाही. तुम्ही विचारलं होतंत की एवढ्या जागेत वळता येईल का. खुर्ची नसताना वळता आलं. आणखी कसं दाखवायचं?"

"जाऊन बघा की," डॉमिनिक अचानक खेकसला. "बसलात काय? माझी आजी बाहेर थंडीत आहे."

सगळे हसले, साहेबसुद्धा. तो कोट चढवून बाहेर गेला. जोन त्याच्याबरोबर गेली. परतला तेव्हा त्याचे बूट घोट्यापर्यंत भिजले होते.

"बांध कुठेच तुटलेला नाही," तो म्हणाला आणि कागद पुढे ओढला. "माझ्याकडून मंजूर."

डॉमिनिकने मान हलवली. "मेलास तरी जिंकलास, व्हार्गो," तो छताकडे पाहून पुटपुटला. लोरेनने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

लॉइडने ट्रकमधून खुर्ची काढली आणि डारियाच्या हातात दिली. "दारापर्यंत आणू?"

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "उद्या आणा. म्हणजे, उद्या या. कॉफीला."

त्याने मान डोलावली. 

दिवेलागण झाली होती. घर डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली. बांध ओलांडून आत गेली आणि पिवळी खुर्ची तिच्या जागी ठेवली, चार पाय चार भोकांत. मग बसली. रविवारी ते बसले होते तशी, रस्त्याकडे तोंड करून. इथून रस्ता ओलांडायला खरंच थोडीच पावलं होती. लोरेनच्या जागी दुसरंच कुणीतरी चालवत असलेली बस हळू आली, कोपऱ्याला वळसा घालून वळली आणि गेली. एक बाई हातात पिशवी घेऊन पलीकडून आली, तिच्याकडे पाहून थबकली, मग काहीच विचित्र नसल्यासारखी मान लववून पुढे गेली.

थंडी वाजत होती. आत जायला हवं होतं. खुर्चीही आत न्यायची होती. डारियाने हातमोजे काढले, बैठकीची पिवळी कड दोन्ही हातांनी धरली.

"डॅड," ती मोठ्याने म्हणाली, "नाही होत मला त्रास. या जागी यायला. आधी व्हायचा. तुमचा राग यायचा. पण त्याला किती वर्षं झाली. मी रागावलेली नाही, डॅड. तुमच्यावर मी रागावलेली नाही."